युंगच्या स्वप्नातलं तळघर

मागच्या वेळी आपण फ्रॉइडचं अबोध मन पाहिलं. दडपलेल्या इच्छा तिथे जातात आणि स्वप्नात वेश पालटून परत येतात. आज त्याच्याही खाली उतरू.

१९०९ साली फ्रॉइड आणि युंग एकाच बोटीने अमेरिकेला निघाले होते, क्लार्क विद्यापीठात व्याख्यानं द्यायला. प्रवासात दोघं एकमेकांना आपली स्वप्नं सांगत, त्यांचा अर्थ लावत. युंगचं त्यातलं एक स्वप्न असं: तो एका दुमजली घरात आहे. घर आपलंच आहे असं वाटतंय. वरच्या मजल्यावर अठराव्या शतकातलं उंची सामान. खाली आला तर सगळं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं, अंधारं. दगडी जिन्याने आणखी खाली गेला तर रोमन काळातलं तळघर. तिथल्या फरशीला एक कडी होती. ती ओढली, तर खाली गुहा. गुहेत धूळ, हाडं, फुटकी मडकी आणि दोन कवट्या.

फ्रॉइड विचारत राहिला, कवट्या कुणाच्या? त्याला त्यात कुणाच्या तरी मरणाची इच्छा दिसत होती. युंगला ते पटत नव्हतं. पण वाद नको, म्हणून त्याने सांगून टाकलं, बायकोची आणि मेहुणीची. हे खोटं होतं, असं पुढे आठवणींत त्यानेच कबूल केलंय. १९१३ पर्यंत ही मैत्री तुटली.

युंगच्या मते ते घर म्हणजे मन. वरचा मजला जाणिवेचा. गुहा मात्र आदिमानवाची, म्हणजे सगळ्या माणसांची सामाईक. यालाच तो पुढे ‘सामूहिक अबोध’ म्हणाला.

आता इथे एक गफलत होते. पूर्वजांनी पाहिलेलं आपल्याला स्वप्नात दिसतं, असं यातून म्हणायचं का? नाही. आजोबांच्या आठवणी नातवाला जन्मतः मिळत नाहीत. युंगनेही नंतर स्पष्ट केलं की वारशाने येतो तो आदिबंध, म्हणजे चित्र नव्हे, चित्राचा साचा. त्याने स्फटिकाचा दाखला दिलाय. आपण खडीसाखर घेऊ. पाकात तिचा आकार कुठेच दिसत नाही, पण खडा धरतो तो ठरलेल्याच घडणीचा. चित्र भरतं ते ज्याच्या त्याच्या आयुष्यातून.

अर्थात, हे सिद्ध झालेलं नाही. आई, अंधार, मरण सगळ्यांच्याच वाट्याला येतं. स्वप्नं सारखी असण्याला तेवढंही पुरेल.

म्हणून फ्रॉइडचा प्रश्न टाकून देऊ नका. स्वप्नात साप दिसला की लगेच आदिमानवाकडे धावायचं नाही. आधी विचारायचं, काल अंगणात काही दिसलं होतं का? गुहेत उतरायचं ते वरचे मजले पाहून झाल्यावर.