मैदानापुरता माणूस

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात क्रीडासप्ताहानिमित्त प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे होते. ‘१९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेणारा भारतीय गोलंदाज कोण?’ हा माझा शेवटचा प्रश्न. आजच्या खेळाडूंचे सारे आकडे तोंडपाठ असलेली मुले गप्प बसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, ‘पालवणकर बाळू, सर. आमच्यातले.’ उत्तर बरोबर होते. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘सर, तुमच्या जयंतीच्या प्रदर्शनात त्यांचा फोटो का नव्हता?’

‘आमच्यातले’ आणि ‘तुमच्या’ हे दोन शब्द मला घरापर्यंत टोचत राहिले. तो मुलगा चांभार समाजातला, मी बौद्ध. प्रदर्शनाच्या यादीतून बाळूंचे नाव मीच काढले होते. १९३७ साली ते बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले, एवढे एकच कारण. त्या मुलाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे. वडील फौजेत शिपाई. फौजेतील नोकरीमुळे हे कुटुंब पुण्याला आले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे पगार ४ रुपये झाला. मैदानाची देखभाल करायची, नेट लावायचे आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची, असे हे काम होते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. क्रिकेट हा ‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ म्हणवला जातो, पण त्या खेळातही कष्टकऱ्यांची एक जात होती. इंग्लंडमध्ये पैसे न घेता खेळणारा तो ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारा तो नुसता ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापायची आणि प्लेअरची नंतर. दिवसभर उन्हात घाम गाळून गोलंदाजी टाकणे हे बहुतांशी पगारी माणसाचे काम, आणि कप्तानपद मात्र जंटलमनचे. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाला लेन हटन हा पहिला नियमित व्यावसायिक कप्तान मिळाला, तो १९५२ साली. हा भेद अधिकृतपणे मोडायला १९६२ साल उजाडले.

आपल्याकडे ही इंग्रजी उतरंड आली ती आधीच रचलेल्या उतरंडीवर येऊन बसली. पूना क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि बाद झाले की दर वेळी ८ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. बाळूंची डावखुरी फिरकी अशा रीतीने घडली. पण त्या क्लबात त्यांनी हजारो चेंडू टाकले तरी नेटमध्ये त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रम आणि बॅट चालवणे ही मौज, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्यातील हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामना जिंकायचा होता आणि बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर ते इतरांबरोबर खेळत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे, जागाही वेगळी. आता यातला तर्क पाहा. बाळूंच्या बोटांनी घासून चकाकी आणलेला चामड्याचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जाई, कप्तानाच्या हातात जाई. त्या चेंडूचा विटाळ होत नसे. कपाचा होई. याचा अर्थ विटाळ हा स्पर्शात नव्हता. तो गरजेनुसार लागू होणारा आणि गरजेनुसार तहकूब होणारा कायदा होता. बाळूंच्या गुणांची गरज होती तेवढा वेळ आणि तेवढ्या जागेत ते माणूस होते. खेळायला चालतो तो जेवायला का चालत नाही, असा प्रश्न त्या काळी न्यायमूर्ती रानड्यांनीही विचारल्याचे सांगतात.

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास बाळू मुंबईला गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही आधी विरोध झाला, पण तो मावळला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राला या विजयात जातिबंधने सैल होत असल्याची खूण दिसली. तोवर मुंबईत या भावांबरोबर एकत्र जेवण होऊ लागले होते, हेही खरे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौऱ्यातले बहुसंख्य सामने संघ हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८६. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंटी संघांना भारतीयांनी हरवले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत बाळूंचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१.

एवढे सगळे झाल्यावरही त्यांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे मागणी होत राहिली. कप्तान एम. डी. पै यांनी तर हा मान आपला नसून बाळूंचा असल्याचे जाहीरपणे सांगितले. तरी निवड करणारे हलले नाहीत. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळले होते. शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊ संघात होते. कप्तानपद त्यांना ओलांडून दि. ब. देवधरांना दिले गेले. तेव्हा दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि त्याचे कारण जातिभेद हेच आहे, हे वृत्तपत्रांतून उघड सांगितले. शहरात चर्चा झाली. अंतिम सामन्यासाठी पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. पै स्वतः काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळात बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तेव्हा त्यांचे वय ४४ च्या आसपास होते. पुढे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, संघ जिंकला आणि गर्दीने त्यांना खांद्यावर घेतले.

मला या सगळ्यात १९२० ची ती माघार सर्वांत महत्त्वाची वाटते. बाळूंनी २५ वर्षे बळी घेतले, त्याने जे घडले नाही ते दोन भावांच्या नकाराने थोड्या दिवसांत घडले. गुणांमुळे त्यांना मैदानात जागा मिळाली. अधिकार मिळाला तो ‘तुमच्यासाठी खेळणार नाही’ असे म्हटल्यावर. एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर होतो तेव्हाची गोष्ट आठवते. परीक्षेची सगळी खर्डेघाशी माझ्याकडे, पण वार्षिकाच्या संपादक मंडळाची बैठक आली की मला कोणी निरोप देत नसे. मी तक्रार केली नाही. चांगले काम केले की आपोआप बोलावतील, असे मला वाटत होते. बोलावले नाही.

आता १९३७ कडे येऊ. १९३२ साली बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, बाळूंचीही आहे. धर्मांतरालाही त्यांनी विरोध केला. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळूंची ही भूमिका चूक होती असे मी मानतो आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण ती भूमिका कोठून आली हे समजून घ्यायला हवे. मातीच्या भांड्यातल्या चहापासून एका पंक्तीपर्यंत आणि पंक्तीपासून भावाच्या कप्तानपदापर्यंतचा बदल त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. हिंदू समाज आतून सुधारतो, हा त्यांचा अनुभव होता. चूक एवढीच, की मैदानावरचा अनुभव त्यांनी गावकुसाबाहेरच्या लाखो माणसांना लावला, ज्यांच्याजवळ डावखुरी फिरकी नव्हती. माणूस म्हणून जगण्यासाठी असामान्य असावे लागू नये, हीच तर बाबासाहेबांची मागणी होती. आणि खुद्द शिवराम-विठ्ठल यांचा १९२० चा नकार बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देतो. सवर्णांची सदिच्छा वाट पाहायला लावते, संघटित नकार दार उघडतो. १९२७ साली महाडला हीच गोष्ट हजारोंनी केली.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. प्रस्थापितांच्या विस्मरणाची कारणे सरळ आहेत. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, म्हणून विक्रमांची पुस्तके त्यांच्यानंतर सुरू होतात. जातीय सामने १९४६ नंतर बंद पडले आणि त्यांच्याबरोबर तेथले पराक्रमही अडगळीत गेले. रणजी आणि दुलीप यांच्या नावाने स्पर्धा झाल्या; हे दोघेही इंग्लंडकडून कसोटी खेळले. १९७३ पासून देवधरांच्या नावानेही झाली. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या मानाविषयी तक्रार नाही. पण बाळूंच्या नावाची तशी राष्ट्रीय स्पर्धा कोणाला सुचली नाही. विठ्ठलांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिले, तेही आपल्या दलित आत्मकथनांच्या चर्चेत क्वचितच येते. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली इंग्रजीत क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला तेव्हा कुठे अनेकांना हे नाव कळले.

पण आपल्या विस्मरणाचे काय? त्यांनी खेळापुरते बाळूंना जवळ घेतले आणि नंतर दूर केले. आपण एका निवडणुकीपुरते त्यांना मोजले आणि सोडून दिले. शिवाय ‘ते चांभारांचे’ हे अर्धवट मनात होतेच. ते कबूल केल्याशिवाय जातिअंताची भाषा करण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

यंदाच्या जयंतीच्या प्रदर्शनाची यादी मी त्या मुलाबरोबर बसून केली. बाळूंच्या चित्राखाली काय लिहायचे यावर आमचा बराच वाद झाला. त्याला फक्त ११४ बळी लिहायचे होते. मला १९३७ चे आकडेही हवे होते. शेवटी दोन्ही लिहिले, आणि मधे १९२० ची माघार लिहिली.