वळणावरचे वजन



'स्पोर्ट्स कार' हे नाव ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे वेगाचे चित्र उभे राहते. इंजिन किती अश्वशक्तीचे, ताशी वेग किती, हेच प्रश्न आपण विचारतो. पण ज्यांनी अशा गाड्या बांधण्यात आयुष्य वेचले त्यांना विचारले असते, तर त्यांनी आपल्याला सरळ रस्त्यावरून उचलून एखाद्या वळणापाशी नेऊन उभे केले असते. सरळ पळणे हे बव्हंशी इंजिनाचे काम आहे. वळणावर मात्र गाडीचे वजन किती, ते कोठे ठेवले आहे आणि चार चाकांत ते कसे वाटले जाते, यावर सारे अवलंबून असते. आजचा विषय या वाटणीचा आहे. ही वाटणी चुकली तर माणसे दगावतात. म्हणून हा केवळ हौशी श्रीमंतांचा विषय नव्हे.

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला यातले अर्धे शास्त्र ठाऊक असते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या माना दबतात. म्हणून तो पोती पुढेमागे सरकवून आसाच्या बेताने भार जमवतो. मोटारीला दोन आस आहेत आणि ती वेगाने वळते. तेवढ्यानेच हा साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

मोटार रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा जो भाग जमिनीला लागलेला असतो तो सुमारे आपल्या तळहाताएवढा असतो. वेग घ्यायचा, थांबायचे, वळायचे, सारे या चार तळहातांच्या जोरावर. आता या टायरचा एक स्वभाव आहे, तो श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, हे खरे. पण भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. ती थोडी कमीच पडते.

यावरून पहिली गोष्ट उघड होते. दोन गाड्यांना सारखेच टायर लावले आणि एक गाडी दुसरीहून जड असली, तर जड गाडीला वळवायला जोर जास्त लागतो, पण पकड मात्र त्या प्रमाणात वाढलेली नसते. हलकी गाडी वळणावर सरस ठरते ती यामुळे.

दुसरी गोष्ट वळता वळता घडते. घाटातल्या एस.टी.त वळण आले की आपण बाहेरच्या बाजूला कलतो. गाडीचेही तेच होते. तिचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो याचे गणित सोपे आहे. समजा, गाडीचे वजन १,००० किलो आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे. वजनाच्या सहा-दशांश इतक्या जोराने ती वळत असेल, तर २०० किलो भार आतून बाहेर जातो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५००-५०० किलो होते; आता आत ३०० आणि बाहेर ७०० झाले. हाच गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर नेला तर आत २०० आणि बाहेर ८०० होतील. बाहेरच्या टायरने जेवढी पकड मिळवली त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावली. तेव्हा जोडीची एकूण पकड घटली. स्पोर्ट्स कार बुटकी आणि रुंद का असते, याचे उत्तर हेच आहे.

आता सांगाड्याकडे, म्हणजे चॅसिसकडे आणि त्याला टांगलेल्या स्प्रिंगांकडे येऊ. पुष्कळांची समजूत अशी असते की स्प्रिंगा जितक्या कडक तितकी गाडी वळणावर चांगली. वस्तुस्थिती निराळी आहे. एकूण किती भार सरकणार हे वजन, उंची, रुंदी आणि वळण्याचा जोर ठरवतात. स्प्रिंगांना त्यात फारसे बोलता येत नाही. मात्र सरकणाऱ्या भारातला किती हिस्सा पुढच्या आसाने सोसायचा आणि किती मागच्याने, हे स्प्रिंगा ठरवतात. यासाठी डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी पिळदार दांडी बसवतात. तिला अँटी-रोल बार म्हणतात. ही दांडी पुढे जाड बसवली की सरकणारा भार पुढच्या जोडीत जास्त सरकतो, पुढची पकड घटते आणि मागची तितकी वाचते. दांडीने गाडीचा झोल कमी होतो खरा, पण पकडीची तिने भर घातली नाही. तिने तोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळवला.

हा तोटा कोणाच्या वाट्याला टाकायचा, यातच गाडीचा स्वभाव आहे. पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागच्यांची आधी सुटली तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी गर्रकन फिरते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. पहिल्या प्रसंगी घाबरलेला माणूस पेट्रोलवरचा पाय उचलतो, भार पुढे झुकतो, पुढची चाके पुन्हा धरतात आणि तो बहुधा वाचतो. दुसऱ्या प्रसंगीही तो तेच करतो. पण आता भार पुढे गेल्याने मागची चाके आणखी हलकी होतात आणि शेपूट आणखी फेकले जाते. भ्यालेल्या माणसाचा स्वाभाविक उपायच त्याच्यावर उलटतो.

इंजिन मागे असलेल्या गाड्यांचा इतिहास हा या एका वाक्याचा इतिहास आहे. अमेरिकेत १९५९ च्या अखेरीस शेवरोले कंपनीची कॉर्व्हेअर विक्रीस आली. इंजिन अगदी मागे, त्यामुळे निम्म्याहून बरेच जास्त वजन मागच्या चाकांवर. शिवाय मागची चाके अशा दांड्यांना बांधलेली की जोराच्या वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला तर बाहेरचे चाक पोटाखाली मुडपावे. पुढची अँटी-रोल दांडी खर्चासाठी वगळली होती. त्या ऐवजी कंपनीने टायरच्या हवेवर भरवसा ठेवला : पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. पुढचे टायर मऊ ठेवले की पुढची पकड ढिली होते आणि शेपूट आवरले जाते, हा हिशेब शास्त्राला धरून होता. पण पेट्रोल पंपावर सगळ्या चाकांत सारखी हवा भरली की तो हिशेब तिथेच बुडाला! १९६४ च्या गाडीत पुढची दांडी आणि मागे एक आडवी स्प्रिंग आली, आणि १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. त्याच वर्षी राल्फ नेडर यांचे मोटारींच्या धोक्यांविषयीचे पुस्तक निघाले. त्याचे पहिलेच प्रकरण या गाडीवर होते. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा अहवाल आला. त्याने म्हटले की समकालीन तशा गाड्यांपेक्षा कॉर्व्हेअर वळणावर अधिक धोक्याची नव्हती. तोपर्यंत गाडीचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती. दोष एकट्या तिचा होता की नाही यावर वाद होईल. पण गाडीची सुरक्षितता हवा भरणाऱ्या पोऱ्याच्या हाती सोपवू नये, हा धडा वादातीत आहे.

याच कोड्याचे दुसरे उत्तर जर्मनीत शोधले गेले. पोर्शची ९११ ही गाडी १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात प्रथम दिसली. तिचेही इंजिन मागच्या आसाच्या मागे, आणि तिचेही शेपूट अवखळ. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत सुमारे ११-११ किलोची वजने दडवली होती. जिथे एकेक किलो वाचवण्यासाठी धडपड चालते तिथे मुद्दाम लोखंड भरावे, ही कबुलीच होती! १९६९ च्या गाडीत मात्र खरा इलाज झाला. इंजिन जागच्या जागी राहिले. मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली. एका बॅटरीच्या जागी दोन घेऊन त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. म्हणजे निरुपयोगी लोखंडाचे काम उपयोगी वस्तूने केले. अंतर पाहिले तर तीन बोटांहून थोडे अधिक. पण गाडी पुष्कळ शांत झाली. पुढे मागचे टायरही रुंद होत गेले. ९११ आजही बनते, इंजिन आजही मागेच आहे. जुना दोष नाहीसा झाला नाही. अर्धशतकाच्या चिकाटीने तो माणसाळवला गेला.

तिसरे उत्तर इंग्लंडातले. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा शिक्षणाने बांधकामशास्त्राचा इंजिनिअर. वजनाची वाटणी करण्याआधी वजनच कमी करावे, हा त्याचा ध्यास. १९६२ च्या लोटस एलान गाडीत त्याने पोलादी पत्र्याची एक पेटीवजा पाठीचा कणा शोभेल अशी तुळई मध्ये ठेवली आणि वर फायबरग्लासचे अंग चढवले. सारी गाडी सुमारे ६८० किलोंची! तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण सांगाडा ताठ असला तर स्प्रिंगा मऊ चालतात. खिळखिळ्या खाटेचा एक पाय उचलला तर सगळी चौकट पिळवटते. तसा सांगाडा पिळवटू लागला की स्प्रिंगांनी आणि दांड्यांनी केलेली वाटणी व्यर्थ जाते. ताठ सांगाड्यावर मऊ स्प्रिंग बसवली की चाक खाचखळग्यांतून वरखाली होत राहते आणि टायर रस्ता सोडत नाही.

पण हलकेपणाचीही किंमत असते. रस्त्यावर उड्या मारणारे चाक जितके हलके तितके ते रस्त्याला चिकटून राहते. म्हणून लोटस ७२ या शर्यतीच्या गाडीत पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या पोटात नेले आणि एका दांड्याने चाकांना जोडले. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सराव चालू असताना असा एक दांडा तुटला. गाडी कठड्यावर आदळून योखेन रिंट हा चालक मृत्यू पावला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. वजन काढायचे ते कोठून काढायचे, हे ठरवताना कागदावरच्या आकड्यांमागे एक माणूस बसलेला असतो.

हे सारे शर्यतीच्या गाड्यांना लागू, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण टायरचा स्वभाव गाडीची किंमत पाहून बदलत नाही. आज विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांची बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ. पण वजन शेकडो किलोंनी वाढते, आणि ते वळवायचे, थांबवायचे काम त्या चार तळहातांकडेच असते. आपण सुट्टीत घाटात निघताना टपावरच्या कॅरिअरवर ट्रंका रचतो, तेव्हा नकळत गुरुत्वमध्य उंच नेतो. आतल्या-बाहेरच्या चाकांचा तो ३०० आणि ७०० चा हिशेब आपणच बिघडवतो. जड सामान खाली आणि दोन आसांच्या मध्ये ठेवावे, हवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेप्रमाणे भरावी, आणि वेग वळणाच्या आधी कमी करावा. वळणात शिरल्यावर नव्हे. गाडीवानाने पोती सरकवून जे साधले, तेच चॅपमनने आणि पोर्शच्या इंजिनिअरांनी मिलिमीटर मोजून साधले. आपल्या वाट्याला त्यातले एवढेच येते; पण वळणावर तेवढे पुरते.