माळ्यावरची गाडी, पोळ्याचा नंदी!

वीकेंड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि मोबाइल... पुढे काय? कंटाळा आला असेल तर हा हटके छंद बघा. चाळीस-पन्नास वर्षं जुनी प्लास्टिकची मॉडेल कार पुन्हा उभी करायची! आणि वर्ध्याकडच्या पोरांनो, हा छंद तुम्हाला लहानपणीच लागलेला आहे. फक्त तुमच्या लक्षात आलेलं नाही!

माळ्यावर काय काय असतं? पितळेची भांडी, कॉलेजच्या नोट्स, बिघडलेला टेपरेकॉर्डर... आणि एखाद्या घरी एक चपटं खोकं. खोक्यावर झोकदार गाडीचं चित्र, आत मात्र अर्धवट चिकटवलेली बॉडी, तीनच चाकं आणि पिवळे पडलेले स्टिकर्स. कुणा परदेशातल्या मामांनी आणलेलं, बाबांनी किंवा काकांनी दोन सुट्ट्यांत अर्धं केलेलं आणि मग नोकरी, लग्न, बदली या चक्रात तसंच राहून गेलेलं. दिवाळीला वर्ध्याला, हिंगणघाटला किंवा आर्वीला घरी गेलात आणि साफसफाईत असं काही हाती लागलं, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. तुमच्या हाती ‘व्हिंटेज किट’ लागलंय, बॉस!

सुरुवात ट्रॅक्टरपासून

किट म्हणजे सुट्या भागांची गाडी. प्लास्टिकच्या चौकटीला बॉनेट, दारं, चाकं, स्टिअरिंग असं सगळं चिकटलेलं असतं. एकेक भाग कापायचा, घासायचा, रंगवायचा आणि जोडायचा. बहुतेक मोटारींची किट्स मूळ गाडीच्या १/२४ किंवा १/२५ मापात येतात. म्हणजे सव्वाचार मीटरची आपली अॅम्बॅसिडर या मापात जेमतेम १८ सेंटिमीटरची. ऑफिसच्या कीबोर्डच्या अर्ध्याहूनही लहान!

गंमत अशी, की या छंदातल्या सगळ्यात गाजलेल्या नावांपैकी एकाची सुरुवात चक्क ट्रॅक्टरनं झाली. ब्रिटनची एअरफिक्स कंपनी १९३९ साली सुरू झाली तेव्हा हवा भरायची खेळणी बनवायची. पुढे १९४९ च्या सुमाराला फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीनं आपल्या सेल्समनसाठी छोटे प्लास्टिकचे ट्रॅक्टर बनवून मागितले. ते जोडून देणं फारच किचकट निघालं. मग पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला काढला, की घ्या आणि घरी जोडा! १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं किट आलं आणि गाडी सुसाट सुटली. आपल्या कापसाच्या शेतात आजही मॅसी फर्ग्युसन दिसतो की नाही? त्याच घराण्यातला तो ट्रॅक्टर.

तिकडे अमेरिकेत एएमटी कंपनीनं १९५८ मध्ये ‘थ्री इन वन’ किट काढलं. एकाच खोक्यातून शोरूममधली गाडी, सजवलेली गाडी किंवा रेसची गाडी, जी हवी ती बनवा. पोरं तुटून पडली. जपानच्या तामियानं १९६७ मध्ये होंडाची फॉर्म्युला वन कार १/१२ या दणकट मापात आणली आणि बारकाईचा स्टँडर्डच बदलून टाकला.

आपल्या गाड्या कुठे आहेत?

‘हे सगळं ठीक आहे, पण मस्टँग आणि शेव्हरोलेशी माझं काय नातं?’ असं विचारणार असाल तर प्रश्न एकदम करेक्ट. पण थोडं डोकं चालवलं तर परदेशी खोक्यातून देशी गाडी निघते!

एअरफिक्सची १/३२ मापाची जुनी ‘ट्रायम्फ हेराल्ड’ घ्या. हीच गाडी १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनायची. सुरुवातीची देशी हेराल्डही दोन दारांचीच होती, म्हणजे बॉडी कापायचीसुद्धा गरज नाही. नंबरप्लेट बदलली की काम झालं. दुसरं उदाहरण जीपचं. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमाराला विलीज जीपची जुळणी सुरू केली. तामियाची १/३५ मापातली विलीज मिळाली, तर लष्करी हिरवा रंग सोडा, पांढरा मारा, वर ताडपत्री टाका. झाली तयार तहसीलदार साहेबांची जीप!

अॅम्बॅसिडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सीरिजमध्ये, तर पद्मिनीचं फियाट ११०० मध्ये. अॅम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्याचा निरोप घेतला. ज्या गाड्यांतून आपण आजोळी गेलो त्या आता रस्त्यावर फारशा दिसणार नाहीत. टेबलावर मात्र दिसू शकतात.

ऑपरेशन माळा

आता मूळ मुद्दा, त्या अर्धवट गाडीचं काय करायचं? घाबरू नका, बहुतेक औषधं घरातच आहेत.

आधी जोड सोडवा. ट्यूबमधल्या जुन्या गोंदाचे सांधे ओढून काढायला गेलात तर प्लास्टिक तुटेल. मॉडेल पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीनं गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या हातानं पिळलं की बरेच सांधे ‘टक्’ करून सुटतात. आईनं विचारलं, ‘अरे, मटारच्या पिशवीशेजारी गाडी कशाला ठेवलीस?’ तर उत्तर तयार ठेवा.

जुना रंग उतरवायचाय? अॅक्रिलिक रंग बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून निघतो. हातात ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी ठेवा आणि आधी गाडीच्या पोटाकडे एका कोपऱ्यात ट्रायल घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नका. त्यातलं अॅसिटोन रंगाबरोबर गाडीही विरघळवून टाकतं!

काचा बसवताना फेव्हिक्विकला हात लावू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट धुकं चढतं. काचेला आपला साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम, सुकल्यावर दिसतही नाही. बाकी बॉडीसाठी मॉडेलचं खास सिमेंट घ्या. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित वितळवून एकजीव करतं. म्हणून थेंबभरच पुरतं.

जुन्या किटमधली एक छुपी भानगड म्हणजे टायर. मऊ टायरमधलं रसायन वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि ज्या प्लास्टिकला टायर टेकलेला असतो तिथे खड्डा पाडतं. म्हणून खोकं उघडलं की पहिलं काम म्हणजे टायर वेगळ्या पिशवीत ठेवणं. गाडी पूर्ण झाल्यावर रिम आणि टायर यांच्यामध्ये पातळ फॉइलची पट्टी द्या.

आणि ते पिवळे पडलेले स्टिकर्स? त्यांना छंदाच्या भाषेत डिकॅल म्हणतात. डिकॅलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. जगभरचे छंदवाले त्यासाठी उन्हाची वाट बघत बसतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री ऊन फुकट आहे! मात्र गाडीची बॉडी त्या उन्हात ठेवू नका, पातळ प्लास्टिकला बाक येतो. जुना डिकॅल पाण्यात सोडण्याआधी त्यावर क्लिअर वार्निशचा हात मारा, नाहीतर पाण्यात त्याचे तुकडे तुकडे होतील.

सील तोडू की नको?

या छंदातला सगळ्यात मोठा वाद तंत्राचा नाहीच. तो आहे मनाचा.

एक पार्टी म्हणते, जुनं सीलबंद खोकं उघडायचं नाही. त्याची किंमत त्या प्लास्टिकच्या वेष्टनातच आहे. दुसरी पार्टी म्हणते, जे जोडण्यासाठी बनवलं ते न जोडता ठेवणं म्हणजे पुस्तक न वाचता कपाटात सजवणं. सीलबंद खोक्याचं ठीक आहे, तिथे निदान पैशाचा हिशेब आहे. पण बाबांनी अर्धवट केलेल्या गाडीचं काय? छतावर गोंदात उमटलेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. रंग बॉर्डरच्या बाहेर गेलाय. एक दार उलटं लागलंय. पॉलिश पेपर घेऊन दोन तास बसलात तर सगळं चकाचक होईल. ठसाही जाईल. मग जी गाडी उरेल ती कुणाची?

या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर शोधू नका. ते वर्धा जिल्ह्यातच आहे. आठवा तान्हा पोळा!

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात पोरं लाकडी नंदी ओढत निघतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला. तळहाताएवढ्या नंदीपासून माणसाहून उंच नंदीपर्यंत सगळी मापं हजर. पायाला चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. हे स्केल मॉडेल नाही तर काय आहे? आणि घरातला जुना नंदी काय सीलबंद ठेवतात का? आजोबांनी ओढलेला, बाबांनी ओढलेला, कान तुटलेला नंदी पोळ्याच्या आधी बाहेर निघतो. कान चिकटवतात, नवा रंग मारतात, आणि नातू त्याच नंदीवर बोजारा गोळा करायला निघतो. रंगाच्या थराखाली जुना थर तसाच असतो. कुणी म्हणत नाही की नंदी आता ओरिजिनल राहिला नाही.

जुन्या किटलाही हाच नियम लावून बघा. मोडलेलं जोडा, सुटलेलं चिकटवा, राहिलेलं पूर्ण करा. पण पहिल्या हाताची एक तरी खूण ठेवा. बाहेरून नवा रंग, आतल्या बाजूला तो ठसा तसाच. आणि बाबा घरी असतील तर उलटं दार सरळ करण्याआधी त्यांना विचारा. कदाचित तेच म्हणतील, ‘आण इकडे, मी करतो.’

वर्ध्याची स्वतःची गाडी

नंदीचा विषय निघालाच आहे तर एक भन्नाट प्रोजेक्ट सुचवतो. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला राहायला आले आणि १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. त्या काळातली एक गोष्ट वर्ध्यात आजही सांगतात. जमनालाल बजाज यांच्याकडच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले गेले आणि गांधीजींनी तिचं मिस्कीलपणे नाव ठेवलं ‘ऑक्स-फोर्ड’! बैलाला इंग्रजीत ऑक्स, गाडी फोर्डची. विलायतेच्या विद्यापीठाची अशी फिरकी वर्ध्यातच घेतली जाऊ शकते.

आता विचार करा. जुन्या फोर्डची किट्स अनेक कंपन्यांनी काढली आहेत. त्यातलं एखादं अर्धवट, इंजिनाचे भाग हरवलेलं किट स्वस्तात मिळालं तर सोडू नका. बाकीचे मॉडेलवाले इंजिनावर महिनाभर डोळे फोडतात, तुम्हाला इंजिनच नको! पुढे बांबूच्या काडीची दांडी आणि जू. १/२४ मापात बैल खांद्यापाशी साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर उंच होतो. तेवढे नंदी पोळ्याच्या बाजारात शोधा, चाकं काढा आणि जुंपा.

प्लास्टिकचा छंद आणि खादीचं गाव, जमतं का हे? हातानं काम करत शिकायचं, ही नई तालीमची कल्पना १९३७ मध्ये वर्ध्याच्याच परिषदेत मांडली गेली. हातांच्या उद्योगांसाठीचं मगन संग्रहालय इथे १९३८ पासून उभं आहे. नवीन खोकं विकत आणण्यापेक्षा जुनं मोडकं दुरुस्त करणं या गावाला नक्कीच जास्त पटेल.

स्टार्ट कसा कराल?

* पहिलं किट साधं आणि कमी भागांचं घ्या. माळ्यावरच्या गाडीला हात त्यानंतर लावा.
* क्राफ्ट नाइफ, ४०० ते २००० नंबरचे पॉलिश पेपर, टूथपिक, कपड्याचे चिमटे, चिकटपट्टी. यातलं बरंचसं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.
* उन्हाळ्यात अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा सकाळी लवकर रंगवा. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे मारला तर रंगावर पांढरट झाक येते, कोरडा दिवस बघा.
* स्प्रे आणि थिनरसाठी मास्क हवाच. हॉस्टेलच्या बंद खोलीत तर अजिबात नको.
* परदेशातून मागवताना कस्टम्स ड्युटी धरून हिशेब करा. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० वरून ६० टक्क्यांवर गेली होती, २०२३ मध्ये ७० वर. ऑर्डर देण्याआधी सध्याचा दर तपासा.
* रोज फक्त अर्धा तास. डेडलाइन ऑफिसात असते, इथे नाही.

तर मंडळी, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की शिडी लावा आणि माळ्यावर चढा. खोकं सापडलं तर सही! नाही सापडलं तर निदान नंदी तरी सापडेलच. त्याचाही कान चिकटवायचा राहिला असेल.