‘उन्हाळी’वर साखरेचा उतारा?

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत आणि हंगामात उसाच्या मळीचा वास गावोगाव दरवळत असतो. अशा या साखरपट्ट्यात, सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरजेच्या औषध दुकानांतून हल्ली एका वेगळ्याच साखरेविषयी विचारणा होऊ लागली आहे. तिचे नाव डी-मॅनोज. लघवीला जळजळ, वारंवार व थेंबथेंब लघवी होणे, ओटीपोटात दुखणे, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणतात, त्यावर ही ‘नैसर्गिक साखर’ गुणकारी असल्याचा प्रचार केला जातो. प्रतिजैविकांना कंटाळलेल्या महिलांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या दाव्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा प्रामुख्याने महिलांचा आजार मानला जातो. स्त्रीशरीरात मूत्रनलिकेची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असल्याने आतड्यातील जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. साधारण निम्म्या महिलांना आयुष्यात एकदा तरी याचा त्रास होतो आणि काहींची त्यापासून सुटकाच होत नाही. साध्या संसर्गाच्या चारपैकी किमान तीन प्रकरणांत ई-कोलाय हा जंतू कारणीभूत असतो. या जंतूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. मूत्राशयाच्या अस्तरावर असलेल्या मॅनोज या शर्करेला या तंतूंची टोके चिकटतात. त्यामुळे लघवीच्या प्रवाहाबरोबर जंतू वाहून जात नाहीत.

डी-मॅनोजचा सिद्धान्त येथूनच सुरू होतो. पोटात घेतलेल्या मॅनोजचा शरीर इंधन म्हणून फारसा उपयोग करीत नाही. त्याचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. लघवीत मोकळे मॅनोज पुरेसे असले, तर जंतूंची टोके त्यालाच चिकटतील आणि जंतू लघवीबरोबर निघून जातील, अशी ही कल्पना आहे. कल्पना सुबक आहे आणि प्रयोगशाळेतील काचपात्रात ती खरीही ठरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी खडीसाखर घालून पिण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. परंतु खडीसाखर, गूळ किंवा काकवी यांचा मॅनोजशी काही संबंध नाही. उसाच्या साखरेचे पोटात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि निरोगी माणसाच्या लघवीत ग्लुकोज उतरत नाही. ते उतरू लागले तर मधुमेहाची शंका घ्यावी लागते. धन्या-जिऱ्याच्या पाण्याने बरे वाटत असेल, तर त्याचे श्रेय बहुधा त्यातील पाण्यालाच द्यावे लागेल. मेथीदाणे आणि गवारीच्या बिया यांत मॅनोज असते खरे, पण ते डिंकाच्या लांबलचक साखळ्यांत अडकलेले असते आणि मानवी पाचकरसांना त्या साखळ्या तोडता येत नाहीत. मेथीचे लाडू खाऊन उन्हाळी जाईल, अशी आशा म्हणूनच व्यर्थ आहे. बाजारातील भुकटी कारखान्यात, लाकूड किंवा ग्लुकोजसारख्या कच्च्या मालापासून तयार होते. ‘नैसर्गिक’ हे विशेषण तेवढ्याच अर्थाने घ्यावे.

सुरुवातीच्या संशोधनाने आशा वाढविल्या होत्या. क्रोएशियात 308 महिलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिने रोज दोन ग्रॅम डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी सुमारे 15 टक्के महिलांना पुन्हा संसर्ग झाला. काहीच न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 61 टक्के होते. बहुतेक जाहिराती या निष्कर्षावर उभ्या आहेत. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी लटकी भुकटी दिलेली नव्हती. आपण काय घेत आहोत, हे महिलांना ठाऊक होते.

ही उणीव ब्रिटनमधील संशोधकांनी भरून काढली. वारंवार संसर्ग होणाऱ्या 598 महिलांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या महिलांना सहा महिने रोज दोन ग्रॅम डी-मॅनोज आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी फ्रुक्टोजची भुकटी देण्यात आली. कोणती कोणाला, हे त्यांना कळू दिले नाही. डी-मॅनोज गटात 51 टक्के आणि दुसऱ्या गटात 55.7 टक्के महिलांना पुन्हा डॉक्टरांकडे जावे लागले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. थोडक्यात, महागडी साखर आणि फळातली साधी साखर यांत डावे-उजवे करता आले नाही. आधी झालेला संसर्ग डी-मॅनोजने बरा होतो, याचाही भक्कम पुरावा नाही.

याउलट फुकटच्या उपायाचा पुरावा मात्र चांगला आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 महिलांवर बल्गेरियात एक चाचणी झाली. ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्तीचे प्यायले, त्यांना वर्षभरात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, इतरांना 3.2 वेळा.

पण पाणी प्यायचे तर लघवीला जायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. स्वच्छतागृह नाही किंवा असून वापरण्याजोगे नाही, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या शिक्षिका, विक्रेत्या आणि एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या महिला या दोन्ही जिल्ह्यांत कमी नाहीत. माण, खटाव, जत, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांत तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते. उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगार महिलांची स्थिती सर्वांत बिकट. बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी करणाऱ्या शासकीय समितीला 2019 मध्ये त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. ओटीपोटाच्या तक्रारींवर वेळीच साधे उपचार मिळाले असते, तर यांतील किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, हा प्रश्न तेव्हा विधिमंडळापर्यंत गेला होता. अशा महिलांना भुकटीचा डबा सुचविणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

डी-मॅनोज घातक आहे, असे नव्हे. पोट फुगणे, जुलाब होणे एवढाच त्रास सहसा दिसतो. मधुमेहींनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. खरा धोका वेळ दवडण्याचा आहे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी, तसेच गर्भारपणात, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जळजळ वारंवार होत असल्यास प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करून घ्यावी. तिचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणता जंतू आहे आणि कोणते औषध लागू पडेल, हे तीतूनच कळते. भारतात ई-कोलाय अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला आहे. मागच्या वेळची उरलेली गोळी घेणे किंवा दुकानदाराला विचारून औषध नेणे म्हणूनच महागात पडते.

आणि डबा विकत घ्यायचाच असेल, तर त्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. अशी उत्पादने देशात औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून विकली जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना त्यांवर छापणे बंधनकारक करण्यात आले आहे.