श्रमदान आणि समानत्तता

श्रीलंका हा बुद्धधम्माचा देश. तरीही तेथे रोडी समाजाला अस्पृश्य मानले जात असे. १९५८ मध्ये कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. अरियरत्ने विद्यार्थ्यांसह या समाजाच्या कनतोलुव गावी गेले. विद्यार्थ्यांनी गावातच मुक्काम केला, गावकऱ्यांसोबत भोजन केले आणि त्यांच्या बरोबरीने विहिरी खणल्या. त्यातूनच ‘सर्वोदय श्रमदान’ चळवळ उभी राहून हजारो गावांत पोहोचली. धम्मात दान, प्रिय वचन आणि हितकर आचरण यांच्या जोडीला ‘समानत्तता’, म्हणजे समभाव, सांगितला आहे. कनतोलुवमध्ये विहिरीइतकेच मोल त्या सहभोजनाचे होते. परदेशी असो वा शेजारच्या वस्तीत, सेवेस निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे : ज्यांना द्यावयाचे त्यांच्या पंगतीस बसल्यावाचून दान पूर्ण होत नाही.