जर्मनीला निघताना विमा शेवटी ठेवू नका

जर्मनीत शिकायला निघालेला विद्यार्थी आणि त्याचे पालक व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कम देणारे खाते) आणि राहायची खोली यांच्यामागे महिनोन्महिने धावतात. आरोग्य विमा मात्र शेवटच्या आठवड्यात, बहुधा स्वस्तातला बघून उरकला जातो. हा क्रम चुकीचा आहे. बिस्मार्कच्या काळात, 1883 मध्ये, तिथे कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा झाला. आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे आणि 2009 पासून देशात राहणाऱ्या प्रत्येकाला विमा बंधनकारक आहे. तो कुठला घ्यायचा हे सुरुवातीला एकदा ठरले की पुढची काही वर्षे सहसा बदलता येत नाही. म्हणून हा निर्णय विमानाच्या तिकिटाआधी व्हायला हवा.

पर्याय दोन आहेत: पब्लिक विमा आणि खासगी विमा. पब्लिक विम्यात आधीच्या आजारांची चौकशी होत नाही. नोकरदाराच्या पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडी जादा रक्कम विम्यात जाते, त्यातला निम्मा भार मालक उचलतो. कमाई नसलेली पत्नी किंवा पती आणि मुले त्याच हप्त्यात येतात. खासगी विम्यात हप्ता वय आणि प्रकृती बघून ठरतो, शिवाय घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला पब्लिक विमा महिना साधारण दीडशे युरोंना मिळतो.

ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो हाती येत असताना त्यातले दीडशे विम्याला का घालायचे, ही पालकांची तक्रार रास्त आहे. मुलगा धडधाकट आहे आणि एजंट तीस-चाळीस युरोंची पॉलिसी दाखवतो आहे. पण अशा बऱ्याच पॉलिसी मुळात प्रवास विम्याच्या धर्तीच्या असतात. जुना दमा, बाळंतपण, मानसिक उपचार यांना त्यांत एक तर जागा नसते किंवा कडक मर्यादा असते. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. खासगी विमा घ्यायचा तर पब्लिक विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांपर्यंत परवाना मिळतो. पब्लिक विम्यात असलेल्याला तो या काळातही स्वतः हप्ता भरून चालू ठेवता येतो. सूट घेतलेल्याला पब्लिक विमा सक्तीचा असलेली नोकरी मिळेपर्यंत ते दार सहसा उघडत नाही. साठवलेले पैसे संपत आलेले असतात नेमक्या तेव्हाच.

पब्लिक विम्यावर तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात, खासगीवाल्याला लवकर मिळते, हा आक्षेप खरा आहे. दातांच्या मोठ्या कामाचा खर्चही पब्लिक विमा पूर्ण देत नाही. त्यामुळे काही जण ते काम भारतात येऊन करून घेतात. पण पाय मोडून रुग्णालयात राहावे लागले तर पब्लिक विमाधारकाने स्वतः भरायचे ते दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस. माझ्या मते या आधारापुढे वाट पाहण्याचा त्रास लहान आहे. तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला मात्र दीडशे युरोंची ही विद्यार्थी सवलत नाही. त्याला बहुधा खासगीकडेच वळावे लागते आणि तेव्हा वगळलेल्या आजारांची यादी ओळ न ओळ वाचण्याला पर्याय नाही.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे आता नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्यांनाही हा विषय लागू आहे. त्यांनी भारतातली वैयक्तिक आरोग्य पॉलिसी घाईने बंद करू नये. परतल्यावर नवी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. भेटीला येणारे आईवडील मुलाच्या जर्मन विम्यात येत नाहीत. त्यांना किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो आणि मधुमेह-रक्तदाबाबद्दल त्यात काय लिहिले आहे ते आधी विचारून घ्यावे. विद्यार्थ्यांना एकच विनंती: सूट मागण्याच्या अर्जावर एजंटच्या सांगण्यावरून सही करू नका. विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्राला आधी ईमेल करा आणि लेखी उत्तर आल्यावरच ठरवा.