रोज वरण खाता, पण प्रोटीन किती मिळतं? सात दिवस लिहून बघा

जिमला जाणारी पोरं हल्ली मोबाईलवर ‘मॅक्रो’ मोजताना दिसतात. मॅक्रो म्हणजे जेवणातले तीन मोठे घटक: कार्ब, प्रोटीन आणि फॅट. कार्ब किंवा प्रोटीनच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी मिळतात, फॅटच्या एका ग्रॅममागे ९. पण ही मोजणी फक्त दंड कमावणाऱ्यांसाठी नाही. तिची जास्त गरज आहे ती घरातल्या कमी जेवणाऱ्या माणसांना, त्यातही म्हाताऱ्या आई-आजीला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, ५० किलोच्या बाईला ४१-४२ ग्रॅम.

एकाच चुलीवरचा हिशेब

समजा, शेतात राबणारा मुलगा दिवसाला ज्वारीच्या चार मोठ्या भाकरी खातो. पीठ साधारण ३२० ग्रॅम, त्यातून प्रोटीन ३२ ग्रॅम. वर भात, पोहे, वरण, चहाचं दूध धरलं की ५० च्या आसपास जातं. भाकरीच त्याची भरती करते.

आता त्याच घरातली आई बघा. दोन वेळा मिळून दोन लहान भाकरी, पीठ १२० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन १२ ग्रॅम. मूठभर भाताचे २, चहातल्या दुधाचे ५, बिस्किटांचे २. वाटीभर पातळ वरणाचे? त्यात कोरडी तूरडाळ जेमतेम २० ग्रॅम असते, म्हणून ४. भाजीचे दोन-तीन मिळवले तरी बेरीज २८ च्या पुढे जात नाही. रोज वरण खाऊनही १३-१४ ग्रॅम कमी! म्हातारपणी हातापायातली ताकद जायला वयाबरोबर हेही एक कारण असतं.

मोजायचं कसं?

अ‍ॅप चालेल, वहीही चालेल. फक्त अ‍ॅपमध्ये ‘एक रोटी’ लिहू नका, ती तुमच्या भाकरीच्या अर्धीसुद्धा भरणार नाही. कोरडं पीठ, कच्चा तांदूळ, कोरडी डाळ मोजा. शिजल्यावर पाण्याने वजन वाढतं आणि सगळा हिशेब चुकतो. घरात काटा नसेल तर रोजची वाटी पीठ आणि डाळ भरून किराणा दुकानात एकदाच तोलून आणा, पुढे वाटीच माप. ताटाचा फोटो काढून ठेवला तर रात्री निवांत लिहिता येतं. चहाची साखरही लिहा. तीन कप, कपाला दोन चमचे म्हटलं तर ३० ग्रॅम साखर, १२० कॅलरी, आणि त्यात प्रोटीन शून्य.

१०० ग्रॅममागे प्रोटीन साधारण असं धरा: ज्वारी १०, बाजरी ११, तांदूळ ८, तूरडाळ २२, मटकी २०, शेंगदाणे २४. एका अंड्यात ६ ग्रॅम.

सात दिवस पुरेत. जन्मभर मोजत बसायची गरज नाही, तेवढ्यात नजर तयार होते.

ताटात काय बदलायचं?

वर सांगितलेल्या आईला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे आणि एक अंडं दिलं की तूट भरते. दात नसतील तर दाण्याचा कूट घालून दही द्या. अंडं चालत नसेल तर मटकीची घट्ट उसळ. वरण घट्ट करा आणि ते आधी वाढा, भात मागून. डाळ महाग आहे हे खरं, पण बिस्किटपुड्यावर जाणारा पैसा त्या बाजूला वळवता येतो.

राबणाऱ्या मुलानेही एखादी भाकरी कमी करून उसळ वाढवावी. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसीन कमी असतं, ते डाळी-कडधान्यात भरपूर मिळतं. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही निम्म्याहून कमी, ४५ टक्क्यांपर्यंतच कॅलरी धान्यातून घ्याव्यात असं म्हटलंय.

तेलाला तर काटाही नको. त्याच मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या आहारात माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. या मापाने चार माणसांच्या घरात एक लिटरची पिशवी आठ दिवस टिकायला हवी. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी-भात एकदम कमी करू नका. आधी वही घेऊन डॉक्टरांकडे जा.